तेच उत्तर, एका कॅम्पसवर दहा मार्क, दुसऱ्यावर तीन

हातचा_एक

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्या विद्यापीठाच्या तीन कॅम्पसवरचे सात मास्तर एका खोलीत बसलो होतो. प्रत्येकासमोर एकाच विद्यार्थ्याच्या उत्तराची झेरॉक्स, नाव काळ्या पेनाने खोडलेलं. प्रश्न असा होता: औषधाचा ४०० मिलिग्रॅमचा डोस घेतला. शरीरातलं त्याचं प्रमाण दर ६ तासांनी निम्मं होतं. ते ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी कधी होईल?

पोराने काय केलं होतं? एक तक्ता. ०, ६, १२, १८ तास. खाली ४००, २००, १००, ५०. शेवटच्या आकड्याला गोल आणि बाजूला एक ओळ: 'अठरा तास उलटले की ५० च्या खाली.' बस. समीकरण नाही, लॉग नाही, क्ष नाही.

एकमेकांशी न बोलता मार्क द्यायचे असं ठरलं होतं. मी आठ दिले. शेजारच्या बाईंनी दहापैकी दहा. तिसऱ्या कॅम्पसवरून आलेल्या सिनियर प्रोफेसरांनी तीन. तेही 'उत्तर बरोबर आलंय म्हणून'.

कोर्स तोच बरं का. नाव एक, क्रेडिट तीन, कॅटलॉगमधलं वर्णन शब्द न् शब्द तेच. राज्याच्या पैशावर चालणारं एकच विद्यापीठ, एकच बोर्ड, आणि प्रत्येक कॅम्पसचं गणित खातं म्हणजे स्वतंत्र संस्थान. दहावाल्या बाई म्हणाल्या, पोराला निम्मं होणं म्हणजे काय ते कळलंय, अजून काय पाहिजे? तीनवाले सर म्हणाले, हा धडा लॉगचा आहे, लॉग कुठाय? मी मधला. मला दोघांचंही पटत होतं, म्हणजे खरं तर मी काय शिकवतोय ते मलाच ठाऊक नव्हतं.

अमेरिकेतल्या एका राज्याच्या विद्यापीठात मी बारा वर्षं शिकवतोय. राज्य सांगत नाही, नोकरी प्यारी आहे. या बारा वर्षांत 'गणित सुधारा' म्हणून किती आदेश आले त्याची गणती नाही. प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणाला कुठल्या कोर्सला बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, बदलली, मग काढूनच टाकली. रेमेडियल कोर्स बंद झाले, कोरेक्विझिट आले. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्वी गणित कच्चं असलेल्या मुलाला आधी एक-दोन बिनक्रेडिटचे कोर्स करावे लागत, फी मात्र पूर्ण. आता त्याला थेट कॉलेजच्या कोर्सला बसवतात आणि त्याच सेमिस्टरला जोडीला मदतीचा तास देतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये एक्झिक्युटिव्ह ऑर्डर १११० काढून तेव्हाच्या सगळ्या २३ कॅम्पसवर हेच केलं, २०१८ च्या फॉल सेमिस्टरपासून. टेनेसीने त्याआधी, २०१५ मध्ये. आम्ही मागाहून.

आदेश आला की सगळ्या कॅम्पसना एकच ईमेल जातं आणि प्रत्येक कॅम्पस त्याचा आपापला अर्थ लावतो. एके ठिकाणी मदतीचा तास म्हणजे तोच मास्तर, तोच वर्ग, आणखी ५० मिनिटं. दुसरीकडे वेगळा मास्तर, वेगळी खोली, आणि दोघांची भेट थेट फायनलच्या आठवड्यात. आमच्याकडे पहिली दोन वर्षं मदतीच्या तासाला मी सकाळचंच लेक्चर पुन्हा द्यायचो, जरा मोठ्या आवाजात. हसू नका.

त्या शनिवारच्या तीन तासांत मला जेवढं कळलं तेवढं बारा वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं. म्हणून हा धागा. इथे असल्या सिस्टिममध्ये शिकवणारे, शिकलेले, मुलं पाठवलेले बरेच आहेत. तुमच्याकडे कॅम्पस एकमेकांशी बोलतात का? आणि हो, तुम्ही किती मार्क दिले असते?

तळटीप

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर रात्री लिहीन. माझे सात.

वर्गमूळ

तीन दिलेल्या सरांची मी बाजू घेणार, सगळ्यांनी आधीच शिव्या घालून घ्याव्यात. मी असतो तर दोन दिले असते.

पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालोय. त्या पोराचं उत्तर बरोबर आलं कारण आकडे सभ्य होते. ४०० चे आठ भाग केले की नेमके ५०, तीनदा निम्मं, खेळ खलास. ५० च्या जागी ४० घाला आणि मग तो तक्ता काय करतो ते सांगा. खरं आयुष्य सभ्य आकड्यांत येत नाही, म्हणून लॉग शोधला. कोरेक्विझिट वगैरे नावं बदलून पास होणाऱ्यांचा आकडा वाढवणं सोपं आहे. सगळ्यांना दहा देऊन टाका, शंभर टक्के निकाल. माझ्या नोकरीच्या काळात अशा चार लाटा येऊन गेल्या. नव्याचे नऊ दिवस.

आकडेमोड

वर्गमूळकाका, ४० चा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'नाव बदलून पास' याच्याशी असहमत, आणि का ते आकड्यांतच सांगतो. पोटापाण्यासाठी मी एका विद्यापीठाच्या संस्थात्मक संशोधन विभागात हेच करतो.

जुनी साखळी कशी होती बघा. समजा एकापुढे एक तीन कोर्स. प्रत्येकात ७० टक्के पास होतात, जे आमच्या धंद्यात चांगलंच समजतात. आणि पास झालेल्यांतले १५ टक्के पुढच्या सेमिस्टरला नावच घालत नाहीत, कारण नोकरी, मूल, कंटाळा, काहीही. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत. आता गुणाकार करा: ०.७ गुणिले ०.८५ गुणिले ०.७ गुणिले ०.८५ गुणिले ०.७. शंभरातले पंचवीससुद्धा पुरते उरत नाहीत. कुठलाच मास्तर वाईट नाही, कुठलाच कोर्स वाईट नाही, तरी तीन चतुर्थांश गळाले. गळती एकेका वर्गात दिसत नाही, वर्ग आणि मधली दारं मिळून होणाऱ्या साखळीत असते. प्रत्येक खात्याला फक्त स्वतःचा ७० टक्के दिसतो आणि खातं खूश असतं.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे क्युनीने, २०१३ मध्ये तीन कम्युनिटी कॉलेजांत यावर प्रयोग केला. रेमेडियल अल्जिब्राच्या लायकीची ठरवलेली नऊशेच्या वर मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटली. एक गट नेहमीच्या अल्जिब्राला, दुसरा अल्जिब्रा अधिक कार्यशाळा, तिसरा थेट कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्सला, जोडीला कार्यशाळा. पास झाले अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के. म्हणजे 'कच्ची' मुलं वरच्या कोर्सात जास्त पास झाली. तीन वर्षांनी पाहिलं तर स्टॅटवाल्या गटातले २५ टक्के पदवीधर झाले होते, अल्जिब्रावाल्या गटातले १७.

आता माझ्याच बाजूला चिमटा. टेनेसीत कोरेक्विझिटमुळे पहिल्या वर्षात कॉलेजचं गणित पार करणारे १२ टक्क्यांच्या आसपास होते ते ५० च्या पुढे गेले, हे सगळीकडे ऐकवलं जातं. पण त्याच राज्यावरच्या नंतरच्या अभ्यासात पुढे पदवी पूर्ण होण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. दार रुंद केलं, जिना तोच राहिला.

वर्गमूळ

अल्जिब्राला बसवायचे ते स्टॅटिस्टिक्सला बसवले आणि पास झाले म्हणता. विषयच बदलला की! पोहायला येत नाही म्हणून सायकल शिकवली.

आकडेमोड

हो, बदलला. प्रश्न हाच होता की ज्याला नर्स किंवा समाजशास्त्रज्ञ व्हायचंय त्याने पोहायलाच का शिकायचं. इंजिनिअरिंगच्या मुलाला सायकल देऊन चालणार नाही, हे कोणीच नाकारत नाही. त्यालाच इकडे मॅथ पाथवेज म्हणतात: ज्याला जिकडे जायचंय तिकडचं गणित. भांडण उरतं ते अधल्यामधल्यांचं. पहिल्या वर्षी समाजशास्त्र, तिसऱ्या वर्षी 'मला डेटा सायन्स करायचंय'.

गाडीतला_फळा

क्रॉस-कॅम्पस सहकार्य म्हणजे काय विचारताय ना? ते मी आहे. माझी दहा वर्षांची गाडी आणि मी.

अ‍ॅडजंक्ट आहे, म्हणजे पार्टटाइम शिकवणारी. आम्हाला इकडे फ्रीवे फ्लायर म्हणतात. सोमवार-बुधवार एक कॅम्पस, मंगळवार-गुरुवार दुसरा, शुक्रवारी तिसऱ्याचा ऑनलाइन सेक्शन. तोच कॉलेज अल्जिब्रा, तीनदा. पहिल्याकडे कॅल्क्युलेटर चालतो. दुसऱ्याकडे चालत नाही, घड्याळसुद्धा काढून ठेवायला लावतात. एकीकडे लॉग मार्चमध्ये येतो, दुसरीकडे एप्रिलच्या शेवटी, तेही वेळ उरला तर. तिसरीकडे गृहपाठ पूर्णपणे कॉम्प्युटरवर, 'अर्धा' असं अक्षरात लिहिलं तर चूक, ०.५ बरोबर. डिकीत तीन खोके आहेत, तीन रंगांची झाकणं. एकदा निळ्या खोक्याची परीक्षा लाल कॅम्पसला दिली होती. कोणाच्या लक्षातही आलं नाही. उलट सरासरी चांगली आली.

हातचा_एक, तुमचा प्रसंग वाचून बरं वाटलं, मी खोटं बोलणार नाही. पण एक विचारू का? त्या खोलीतल्या सात जणांत अ‍ॅडजंक्ट किती होते?

हातचा_एक

एकही नाही.

गाडीतला_फळा

मला वाटलंच. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं गणित बऱ्याच ठिकाणी आमच्यासारखेच जास्त शिकवतात. आणि शनिवारच्या बैठकीचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आम्ही येत नाही. मग मिनिट्समध्ये येतं, 'पार्टटाइम फॅकल्टीचा सहभाग कमी आहे'. तिन्ही कॅम्पसचे पेपर एकाच डायनिंग टेबलवर तपासणारी मी. तुमचं नॉर्मिंग, म्हणजे तेच पेपर तपासून मार्कांची मापं जुळवणं, माझ्या घरी दर रविवारी होतं, एकटीचं.

मार्क म्हणाल तर: लाल कॅम्पसवर दहा, निळ्यावर चार. खरंच. तेच उत्तर, तोच माझा हात. त्या त्या ठिकाणच्या कोऑर्डिनेटरला काय चालतं ते बघून देते.

हातचा_एक

ज्याचं जळतं त्याला कळतं. हे मी पुढच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आयडी न सांगता.

गाडीतला_फळा

दाखवा. डिकीचं पण सांगा.

लेकीची_आई

मी गणितातली नाही, पण भोगलंय. लेक एका कॅम्पसवर पहिलं वर्ष करून त्याच सिस्टिमच्या दुसऱ्या कॅम्पसवर गेली. तिकडे सांगितलं, तुझा कॅल्क्युलस आमच्यात धरता येत नाही. का? तर तो 'बिझनेस कॅल्क्युलस' होता. पहिल्या कॅम्पसच्या अ‍ॅडव्हायझरने तर सांगितलं होतं की चालेल, बिनधास्त घे. लोगो एक, फुटबॉलच्या टीशर्टचा रंगसुद्धा जवळजवळ एक. मी फोन केला तर म्हणे अपील करा, सिलॅबस जोडा. जुना सिलॅबस मागितला तर तो मास्तर सोडून गेलेला. शेवटी परत घेतला, एक सेमिस्टर आणि तेवढी फी गेली. आणि गंमत म्हणजे तिचं म्हणणं, दुसऱ्या वेळेस पहिल्या सात आठवड्यांत नवीन काहीच नव्हतं.

आकडेमोड

तुमच्या लेकीवर अन्याय झाला, पण यावर जुना तोडगा आहे. फ्लोरिडात राज्यभर कोर्सचे नंबर सामाईक आहेत. एमएसी २३११ म्हटलं की कुठल्याही सरकारी कॉलेजात तो पहिला कॅल्क्युलसच. टेक्सासमध्ये कम्युनिटी कॉलेजांपासून विद्यापीठांपर्यंत मॅथ २४१३ ची तशीच सोय. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजांसाठी सामाईक नंबरांचा कायदा व्हायला २०२१ उजाडलं.

वर्गमूळ

नंबर सारखा केला म्हणजे आतला माल सारखा होतो का? हातचा_एक यांच्या तिन्ही कॅम्पसचं नाव, क्रेडिट, वर्णन एकच होतं. तरी दहा आणि तीन. पाटी बदलून दुकान बदलत नाही. उलट नंबर सारखा झाला की प्रशासन म्हणतं, झालं काम, आणि मग कोणी शनिवारी खोलीत बसत नाही.

(ताई, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. अपील करायला लावणाऱ्याने स्वतः दोन्ही फायनल समोरासमोर ठेवून पाहिल्या असत्या तर दहा मिनिटांत कळलं असतं.)

लेकीची_आई

काका, त्या दोन फायनल एका टेबलावर ठेवायची सोयच कुठे नव्हती. तोच तर हा धागा आहे ना?

बॅकबेंचर

विद्यार्थ्याकडून एक. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी टायपिंग आईकडून शिकलोय, चुका पोटात घाला. आमच्या कॅम्पसने सगळं 'अ‍ॅक्टिव्ह लर्निंग' केलंय. मास्तर शिकवतच नाहीत. चौघांच्या टेबलवर बसवतात, वर्कशीट देतात, फिरत राहतात. प्रश्न विचारला की म्हणतात, 'तुला काय वाटतं?' मला काय वाटतं ते कळलं असतं तर फी कशाला भरली असती? मित्र दुसऱ्या कॅम्पसवर आहे, त्याचे प्रोफेसर फळाभर सुंदर लिहितात, त्याच्या नोट्सवर मी अभ्यास करतो.

आकडेमोड

तुझी तक्रार जगप्रसिद्ध आहे रे. २०१९ मध्ये हार्वर्डात फिजिक्सच्या वर्गांवर हेच तपासलं होतं. एका बाजूला सुरेख लेक्चर, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर टेबलवर बसून. लेक्चरवाल्या मुलांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत टेबलवाली मुलं पुढे निघाली. डोकं दुखलं की माणसाला वाटतं काही कळत नाहीये, आणि गुळगुळीत ऐकलं की वाटतं सगळं कळलं.

त्याआधी २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के, काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गात २१.८. पण तू म्हणतोस तसं नुसतं 'तुला काय वाटतं' म्हणत फिरणं म्हणजेही शिकवणं नव्हे. ती वर्कशीट कोणी बनवली, कुठल्या चुकीवर पोरं अडणार हे आधी कोणी हेरलं, यावर सगळं असतं. ते एकट्यादुकट्याचं काम नाही.

बॅकबेंचर

ठीक आहे, डोकं तर दुखतंच. वर्कशीटवर खाली दुसऱ्या कॅम्पसचं नाव असतं आणि त्यातला प्रश्न ५ दर वेळेस चुकीचा असतो. मास्तरांनाही माहिताय. पण 'फाइल आपल्याकडे नाही, पीडीएफ आहे' म्हणतात.

गाडीतला_फळा

हा प्रश्न ५ मला माहीत आहे असं वाटतंय. वाढदर ऋण, पण आलेख चढता?

बॅकबेंचर

होच!!!

गाडीतला_फळा

मी ती फाइल दुरुस्त केलेली आहे. हिरव्या खोक्यात. कोणी मागितलीच नाही.

तळटीप

आले एकदाची. हातचा_एक यांच्या 'सकाळचंच लेक्चर, जरा मोठ्या आवाजात' यावर एक जुनी गोष्ट.

१९७० च्या दशकात बर्कलेला यूरी ट्राइसमन नावाचा तरुण कॅल्क्युलसच्या वर्गात काम करत होता. कृष्णवर्णीय मुलं, जी शाळेत उत्तम होती, ती मोठ्या संख्येने कॅल्क्युलसमध्ये आपटत होती. खात्यातल्या लोकांकडे कारणं तयारच होती: तयारी कच्ची, घरची परिस्थिती, प्रेरणा नाही. त्याने मुलांच्या मागे जाऊन पाहिलं, राहायला जातात तिथपर्यंत. या मुलांचा अभ्यास पुष्कळ होता, पण एकट्याने. अभ्यास वेगळा, मित्र वेगळे. चिनी वंशाची मुलं मात्र आधी एकेकट्याने करून मग एकत्र बसायची, एकमेकांचं तपासायची, 'अरे हे असं नाही' म्हणून भांडायची. चूक कुठे झाली ते त्यांना रात्रीच कळायचं, इतरांना तीन आठवड्यांनी पेपर हातात आल्यावर.

मग त्याने काय केलं? रेमेडियल वर्ग काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड प्रश्नांची कार्यशाळा काढली, गटात बसून सोडवायची, आणि आमंत्रण देताना 'तुम्ही कच्चे आहात' असं म्हटलं नाही. निकाल इतका बदलला की ती पद्धत पुढे अनेक विद्यापीठांनी उचलली. तोच माणूस नंतर टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेला आणि तिथल्या डेना सेंटरमधून वर आकडेमोड म्हणाला ते मॅथ पाथवेजचं काम उभं राहिलं.

मला त्यात नेहमी हे आवडतं की त्याने जे मुलांबद्दल शोधलं ते मास्तरांनाही तंतोतंत लागू आहे. एकेका कॅम्पसवर बसून उत्तम मेहनत करणारे, पण एकटे. आपण तीन दिले, शेजारी दहा देतात, हे कळायलाच बारा वर्षं.

वर्गमूळ

हे पटलं. मला पस्तीस वर्षं लागली, आणि तेही इथे, रिकामपणी.

माझ्या खात्यात आम्ही एकमेकांचे पेपर कधी पाहिले नाहीत. कोणी मागितला तर अपमान वाटायचा. क्लासरूमचं दार लावलं की आत राजा. एकदा एका सहकाऱ्याच्या वर्गावर बदली म्हणून गेलो तर पोरं म्हणाली, सर, तुम्ही वर्तुळात बाण का काढता? तो बाण मी तीस वर्षं काढत होतो, माझ्या मास्तरांनी काढला म्हणून. कशाचा ते मलाही सांगता आलं नाही.

आठ मार्कांवर येत नाही मात्र. पाच.

आकडेमोड

दोनवरून पाच! धाग्याची फलश्रुती.

हातचा_एक

तीन आठवड्यांनी वर आणतोय. दोन गोष्टी घडल्या.

गाडीतला_फळा यांचं डायनिंग टेबल मी बैठकीत वाचून दाखवलं. सिनियर सर, तेच तीनवाले, काही वेळ गप्प होते. मग त्यांनीच डीनला ईमेल टाकलं की पुढच्या दोन बैठकांना अ‍ॅडजंक्टना तासाचे पैसे द्या, नाहीतर मी येत नाही. दोन बैठकांपुरते मिळाले. पुढचं पुढे. या शनिवारी बारा जण होतो, त्यातले पाच अ‍ॅडजंक्ट. त्यातल्या दोघींच्या डिकीतही खोकी निघाली. प्रश्न ५ दुरुस्त झालाय, बॅकबेंचर, आणि सामाईक फोल्डरमध्ये वर्कशीटच्या मूळ फाइली आहेत, पीडीएफ नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीला आम्ही किती वर्षं घेतली ते विचारू नका.

दुसरी गोष्ट वर्गमूळकाकांची. ५० काढून ४० घातले. तिन्ही कॅम्पसवर, त्याच आठवड्यात, तोच प्रश्न. बऱ्याच जणांनी लॉग लावून १९.९३ तास काढले, छान. काहींनी लॉग लावून ऋण तास काढले आणि पुढे गेले, तेही नेहमीचं. पण एका मुलीचं उत्तर आणलंय.

तिने तक्ता काढला. १८ तासांना ५०, २४ तासांना २५. मग लिहिलं: 'सहा तासांत २५ कमी होतात. मला १० कमी हवेत. म्हणजे २.४ तास. १८ अधिक २.४, २०.४ तास.' आणि खाली, हे महत्त्वाचं, 'पण मला वाटतं खरं उत्तर याच्या आधी येईल, कारण जास्त असतं तेव्हा जास्त वेगाने कमी होतं.'

खोलीत पाच मिनिटं कोणी मार्कच दिले नाहीत.

गाडीतला_फळा

मी होते तिथे. सांगते, कोऑर्डिनेटरकडे न बघता दिलेले माझे पहिले मार्क. नऊ.

वर्गमूळ

तिने 'आधी येईल' म्हटलं आणि आलंही, जवळपास २८ मिनिटं आधी. वक्ररेषा जीवेच्या खाली असते, हे तिने जीवा हा शब्द न वापरता सांगितलं. मी असतो तर पेपर परत दिला असता आणि एकच विचारलं असतं: बरोबर मधे, २१ तासांना किती असेल? ३७.५ म्हणाली तर अजून बसू. पण तिला हे सुचलं की अर्ध्या वेळात ज्याने भागायचं, त्यानेच दोनदा भागलं तर निम्मं व्हायला हवं, तर काम झालं.

आकडेमोड

५० भागिले दोनचं वर्गमूळ. ३५.४. काका, तुमचा आयडी आला उत्तरात.

वर्गमूळ

आला खरा. हातचा_एक, पुढच्या शनिवारी बाहेरच्या माणसाला बसू देतात का? पैसे नकोत. पेपर मात्र छापील द्या, मला स्क्रीनवर तपासता येत नाही.